मला काय जमतं, कशाची रुखरुख वाटते, काय व्हावंसं वाटतं : आत्मपरीक्षण लेखनाचा एक पाठ (इयत्ता ५ वी ते ७ वी)



"माझ्यातील चांगले गुण", "माझे स्वप्न", "मी पंतप्रधान झालो तर" असे निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. तीस वह्या तपासून झाल्या की एकच निबंध तीस वेळा वाचल्यासारखं वाटतं. मी प्रामाणिक आहे, मी मेहनती आहे, मी मोठ्यांचा आदर करतो, मी देशाची सेवा करीन. मुलं काही खोटं लिहीत नाहीत. आपण फळ्यावर जे शब्द दिले तेच ती आपल्याला नीटनेटक्या अक्षरात परत करतात.

आजचा पाठ त्यावर आहे. मुलांना तीन प्रश्न द्यायचे. तुला काय जमतं? तुला कशाची रुखरुख वाटते? आणि समाजात काय चांगलं व्हावं असं तुला वाटतं? तिसरा प्रश्न आधी लांबच्या समाजाबद्दल, म्हणजे अमेरिकेबद्दल विचारायचा आणि मग आपल्या वस्तीबद्दल. अमेरिकाच का, ते पुढे येईलच. साहित्य काही लागत नाही. एक कोरा कागद, त्याच्या दोन घड्या घालून तीन भाग करायचे. तीन तासिका पुरतात.

सुरुवात व्याकरणापासून करा. मुलांना विशेषण आणि क्रियापद माहीत असतं. फळ्यावर दोन वाक्यं लिहा : "मी धाडसी आहे." आणि "लाइट गेली तेव्हा मी लहान भावाचा हात धरून जिना उतरली." मग विचारा, यातल्या कोणत्या मुलीला तुम्ही ओळखता? सगळे दुसरीकडे बोट दाखवतात. म्हणून पहिल्या भागासाठी नियम एकच : विशेषण चालणार नाही, क्रियापद पाहिजे. "मी हुशार" नको, "मी काय केलं" ते लिही.

इथे डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगा. बहुतेक मुलांना त्या "पहिल्या महिला डॉक्टर" एवढ्याच माहीत असतात. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघून त्या न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीत रोझेल नावाच्या गावी कार्पेंटर कुटुंबाकडे त्या राहिल्या. त्या काळी अमेरिकेत घराघरांत एक वही असायची. आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभाला स्लॅम बुक फिरतं ना, अगदी तसंच. आवडता रंग, आवडतं फूल, आवडतं पुस्तक असे छापील प्रश्न आणि पुढे रिकामी जागा. आनंदीबाईंनीही ती भरली. त्यांचं पहिलं चरित्र कॅरोलिन डॉल या बाईंनी १८८८ मध्ये लिहिलं, त्यात ती उत्तरं आहेत.

त्या वहीत एक प्रश्न होता की तुमचा ठळक गुण कोणता. आनंदीबाईंनी उत्तर दिलं की तो मला अजून सापडलेला नाही. जिने समुद्र ओलांडला, जातीतल्या लोकांचा विरोध पत्करला, लोक काय काय विचारतात त्याला कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला भरसभेत उभं राहून उत्तर दिलं, ती मुलगी लिहिते की मला माझा गुण अजून सापडला नाही! वर्गात हे सांगितलं की एकदम शांतता होते. कारण निम्म्या वर्गाचं उत्तर तेच असतं, फक्त लिहायची लाज वाटते.

पण याच आनंदीबाईंनी त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. तिथे त्या वेगळं बोलतात. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हे त्या कबूल करतात. मग म्हणतात की माझ्या माणसांचा आणि जातीचा विरोध असतानाही ज्या निश्चयाने मी इथवर आले, तोच मला पुढे नेईल. आणि कशासाठी आले तेही सांगतात : पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण बरं म्हणणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांना औषधपाणी मिळावं म्हणून.

दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा, बाई कुठे खरं बोलल्या? चर्चा होऊ द्या. आमच्या वर्गात एका मुलीने सांगितलं, "मॅडम, वहीत नाव विचारलं गुणाचं, ते त्यांना नाही आलं. पत्रात त्यांनी काय केलं ते सांगतलं." मला वाटतं दोन्ही ठिकाणी त्या खरंच बोलल्या. गुणाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, केलेलं काम तर आपल्याला माहीत असतंच.

यानंतर कागदाचा पहिला भाग लिहायला द्या. घाई करू नका. सुरुवातीला दोन-चार जण नुसतेच बसून राहतील. "मले काहीच येत नाही" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मग आपण प्रश्न विचारायचे. सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केलं? घरात कोणतं काम तुझ्याशिवाय अडतं? मोहल्ल्यात कोण तुला बोलवायला येतं, कशासाठी? गणितात कायम मागे असलेला एक मुलगा सुटीच्या दिवशी वडिलांसोबत कळमन्याच्या बाजारात जातो. टोपलीकडे पाहून त्यात किती संत्री असतील ते तो सांगतो, आणि चुकला तर चार-पाचानेच चुकतो. याला अंदाज घेणं म्हणतात आणि हा गणिताचाच भाग आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

इथे शिक्षकांसाठी थोडं. २०१० पासून आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितो. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने असतात. सत्र संपत आलं की तयार नोंदींच्या याद्या ग्रुपवर फिरायला लागतात. प्रश्नांची उत्तरे विचारपूर्वक देतो. सर्वांशी मिळून मिसळून वागतो. आपल्यावर कामाचा किती भार असतो हे मला माहीत आहे, त्यामुळे त्या याद्या कोण वापरतं यावर मी बोलणार नाही. पण "मी प्रामाणिक आहे" लिहिणारं मूल आणि "मिळून मिसळून वागतो" लिहिणारी नोंद, दोघांचा आजार एकच. या पाठानंतर मुलांच्या पहिल्या भागातलं एक वाक्य उचलून विशेष प्रगतीच्या रकान्यात टाकता येतं. "टोपलीतील फळांचा जवळपास अचूक अंदाज सांगतो." ही नोंद दुसऱ्या कोणाच्याही पानावर चिकटवता येणार नाही.

आता दुसरा भाग, आणि हा नाजूक आहे.

आधी शब्द वेगळे करून घ्या. मराठीत यासाठी किती बारीक शब्द आहेत! पतंग कटली की हळहळ वाटते. एखादी गोष्ट करायची राहून गेली की रुखरुख लागते. ती बरेच दिवस आत राहिली की खंत होते. आणि आपण चुकीचं वागलो असं मनापासून पटलं की पश्चात्ताप. प्रत्येकाचं एक-एक उदाहरण मुलांकडून घ्या. हळहळीची भरपूर येतील, पश्चात्तापाची कमी. मुलांनी कागदावर रुखरुख लिहायची. पश्चात्ताप मागू नका. वर्गासमोर कबुलीजबाब घेणं हे शिक्षकाचं काम नाही.

एका वडिलांनी मला गेटवरच विचारलं होतं, "मॅडम, लेकरांना आत्तापासून दुःख कशाला शिकवता? मोठे झाले की आहेच." प्रश्न रास्त आहे. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला रुखरुख नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्वतःचं दहावं वर्ष आठवून पाहावं. एका मुलीने लिहिलं होतं, "आजी दवाखान्यात होती तर मी भेटायला नाही गेली. तिथं वास येते म्हणून. मग आजी घरी आलीच नाही." हे दुःख तिला पाठाने दिलेलं नाही. ते तिच्याकडे आधीपासून होतं, ठेवायला जागा नव्हती.

म्हणून हा मधला भाग घडी घालून बंद करायचा. मोठ्याने वाचून घ्यायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही, लाल पेन तर लावायचाच नाही. शुद्धलेखनाच्या चुका इथे चुका नाहीत. मुलाने स्वतःहून दाखवला तरच पाहायचा. त्यात मारहाण किंवा कुणी त्रास देत असल्याचं काही दिसलं, तर मात्र ते गुपित ठेवायचं नाही. मुख्याध्यापकांशी बोलायचं आणि गरज पडली तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

या भागासाठी पंडिता रमाबाईंची गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात फार वाद झाले, आजही होतात. आपला विषय तो नाही. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकांचा विरोध सोसून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि रमाला तिच्या आईने शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत गावोगाव फिरायचं. मग दुष्काळ आला. जवळचे पैसे देवधर्मात आणि दानात गेले होते. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमा आणि तिचा भाऊ उरले.

पुढे म्हातारपणाकडे झुकताना, १९०७ मध्ये, रमाबाईंनी आपलं आयुष्य थोडक्यात लिहिलं. त्यात त्या या दिवसांबद्दल फार स्पष्ट बोलतात. भीक मागायला आमचा अभिमान आड आला, अंगमेहनतीचं काम आम्ही कमी दर्जाचं समजत होतो, आणि पोट भरण्याचा दुसरा कोणताही मार्ग आम्हाला माहीत नव्हता, असं त्यांचं सांगणं आहे. हजारो श्लोक पाठ, पण चार पैसे मिळवून देईल असं एकही काम हाताला येत नाही. आईवडिलांवर राग नाही, पण काय चुकलं ते लपवलेलंही नाही. खंत कशी लिहावी याचा हा नमुना आहे. कुणाला दोष न देता आणि स्वतःलाही न झोडपता, घडलं तसं सांगायचं.

मग केडगावचा मुक्ती मिशन मुलांना सांगा. १८९६-९७ ला मोठा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना सोबत घेऊन गेल्या. मध्य प्रांत म्हणजे ज्याची राजधानी आपलं नागपूर होतं तो प्रांत. मुलांना इथे नकाशा दाखवा, कान टवकारतात. केडगावला त्या मुलींना नुसतं वाचायला शिकवलं नाही. शेती, विणकाम, शिवणकाम, गाई-म्हशी सांभाळणं, छापखान्यात खिळे जुळवणं, असं सगळं शिकवलं. कुठे त्या उपाशी मुलीची खंत आणि कुठे हा छापखाना! रमाबाईंनी हे दोन्ही एका धाग्यात बांधलेलं मी वाचलेलं नाही, हे जोडणं माझं आहे. पण वर्गात मी ते जोडते आणि मुलांना विचारते की दुष्काळात त्या मुलीच्या हातात काय असतं तर बरं झालं असतं? "काम" हे उत्तर तीच देतात.

तिसऱ्या भागासाठीही रमाबाईच. आता अमेरिका.

आनंदीबाई नात्याने रमाबाईंच्या दूरच्या बहीण. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग अडीच वर्षांहून जास्त काळ अमेरिकाभर फिरल्या. व्याख्यानं दिली, शाळा पाहिल्या, बालवाडीची पद्धत शिकून घेतली. इकडे आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण एकही दिवस काम करता आलं नाही. बावीसही पूर्ण नव्हती. हे सांगताना वर्गात आवाज नीट राहत नाही, राहू नये.

रमाबाईंनी परत आल्यावर, डिसेंबर १८८९ मध्ये, "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त" हे मराठी पुस्तक छापलं. आजच्या यूट्यूबवरच्या "अमेरिकेत मी काय पाहिलं" व्हिडिओंपेक्षा हे पुस्तक फार वेगळं आहे. त्यांना तिथलं पुष्कळ आवडलं. बायका संघटना करून काम करतात, दारूच्या विरोधात उभ्या राहतात, मुली कॉलेजात शिकतात, सामान्य माणूस सरकारला प्रश्न विचारतो. हे सगळं त्या भरभरून सांगतात. पण तिथे गुलामी होती, ती कायद्याने गेल्यावरही काळ्या लोकांबद्दलचा तिटकारा गेलेला नाही, मूळच्या रहिवाशांवर अन्याय झाला, बायकांना अजून पुरे हक्क नाहीत, हेही त्या तितक्याच रोखठोक मांडतात. ज्या देशातून आपल्या शाळेसाठी मदत मिळाली त्या देशाचं हे वर्णन आहे. बोस्टनला १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं होतं आणि त्यातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. उपकार घेतले म्हणून डोळे मिटले नाहीत. मला या पुस्तकातला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो.

पुढचं मुलांना फक्त सनावळीत दाखवा. अमेरिकेत बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला, रमाबाई तेव्हा हयात होत्या. काळ्या नागरिकांना दक्षिणेकडच्या राज्यांत मतदान प्रत्यक्ष करू द्यावं म्हणून कायदा आला तो १९६५ मध्ये. फळ्यावर १८८९, १९२०, १९६५ अशी रेघ काढा. आशा धरायची म्हणजे किती वर्षं धरायची, हे त्या रेघेवर दिसतं.

आता मुलांना लिहायला सांगा : अमेरिकेतल्या समाजातलं काय चांगलं आपल्याला माहीत आहे, आणि तिथे काय बदलावं? आमच्या वर्गात एक-दोघांचे नातेवाईक तिकडे आहेत, बाकीच्यांची अमेरिका मोबाइलवरची. तरी उत्तरं पाहण्यासारखी येतात. "तिथं शाळेत बंदूक चालते म्हणे, ते बंद व्हावं." "गोऱ्या पोलिसांनी काळ्या माणसाला मारू नये." "मामा म्हणते तिथं शेजारी बोलत नाही, त्यांनी बोलावं." लांबच्या घराबद्दल बोलताना मुलं मोकळी असतात, कोणाला राग येणार नसतो. म्हणूनच आधी अमेरिका. मग कागद उलटा करायला लावायचा आणि तीच वाक्यं आपल्या वस्तीबद्दल लिहायला सांगायची. "शेजारी बोलत नाही" लिहिणारा मुलगा पेन तोंडात घालून बराच वेळ बसला होता. मग त्याने लिहिलं, "आमच्या गल्लीत काही घरी पाणी मागत नाही आणि काही घरचं घेत नाही." पुढे त्याने काही लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

हे उलटणं नागपूरकरांना नवीन नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांना दीक्षा दिली, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. डी.एड.ला आपण ज्या जॉन ड्यूईंबद्दल "कृतीतून शिक्षण" म्हणून पाठ करतो, ते तिथे बाबासाहेबांचे शिक्षक होते. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या एका चर्चची गोष्ट सांगितली. प्रार्थनेत "आमचं राष्ट्र" हा शब्द घालावा की नाही यावर तिथे वाद झाला. आपण अजून राष्ट्र झालोच कुठे, म्हणून तो शब्द लोकांनी नाकारला. त्यांना जर तसं वाटलं, तर हजारो जातींत वाटलेल्या आपल्याला राष्ट्र होणं किती अवघड, असा बाबासाहेबांचा रोख होता. अमेरिकेचा आरसा धरला तो आपलं तोंड पाहायला. आणि उलट बाजूनेही, १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे विद्वान नेते डू बॉइस यांना पत्र लिहून तुमचं आणि अस्पृश्यांचं दुखणं सारखं आहे हे कळवलं होतं. सातवीच्या मुलांना हे सांगता येतं. पाचवीला नाही सांगितलं तरी चालेल.

लिहिण्याआधी आणखी एक शब्दभेद करून घ्या, आशा आणि अपेक्षा. अपेक्षा दुसऱ्याकडून असते : नगरपालिकेने करावं, सरकारने करावं. आशेत आपलाही थोडा हात असतो. मुलांनी तिसऱ्या भागात जे लिहिलं त्याच्या खाली एक ओळ वाढवायची, "यासाठी मी या महिन्यात...". इथेही क्रियापद हवं आणि काम दहा वर्षांच्या मुलाला झेपेल असं हवं. "मी भ्रष्टाचार संपवीन" खोडायला लावा. "तान्ह्या पोळ्याला बाजूच्या गल्लीतल्या पोरांचे बैल पण आमच्या रांगेत घेऊ" हे राहू द्या.

मूल्यमापनाचं थोडक्यात. पहिला भाग आकारिक नोंदीसाठी घ्या. तिसरा भाग वर्गात दोरीला चिमट्याने लावा आणि महिन्याने त्यातली शेवटची ओळ पुन्हा वाचून घ्या, झालं का ते विचारा. झालं नसेल तर गुण कापू नका, तारीख बदला. मधला भाग कात्रीने कापून मुलाच्याच हातात द्यायचा. पालकांनो, तो दप्तरात सापडला तर विचारल्याशिवाय उघडू नका.

पुढच्या पालक सभेत हाच कागद मी पालकांनाही देणार आहे. बहुतेक आया पहिल्या भागात "काही नाही, घरीच असते" असं लिहितील, याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी तेच प्रश्न तयार ठेवले आहेत : सकाळी उठल्यापासून काय काय केलं, आणि घरात कोणतं काम तुमच्याशिवाय अडतं?